चाचांची गुलाबी टोपी

नंदुरबारात तेव्हा घरोघरी नळ नव्हते. बाया नाल्यावर कपडे धूत. वरच्या अंगाला आमचे रंगारी चाचा लुगडी रंगवत. उरलेलं पाणी ते कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा भरलेल्या रांजणातून गाळत आणि त्यात डोक्यावरची पांढरी टोपी बुडवत. ती पांढरीच निघाली, तर पाणी नाल्यात सोडत.

एका लग्नसराईत घाईघाईत त्यांनी कोळसा बदलला नाही, टोपीही बुडवली नाही. माझ्या आईची चादर गुलाबी झाली. ती चाचांनी पाहिली. घरी जाऊन त्यांनी त्याच गुलाबी रंगात टोपी भिजवली आणि शुक्रवारी ती घालून नमाजाला निघाले.

"चाचा, लगीन शे का?" कुणीतरी हसलं.

"नही. मन्ही चूक शे. दखू द्या सगळासले."

चाचांचा रंग पक्का असे. टोपी शेवटपर्यंत गुलाबीच राहिली.