दुमडलेली बाही

घोलप सर गेल्याचे वहिनींनी फोनवर सांगितले, तेव्हा त्यांच्याच अर्जाचा मसुदा माझ्या टेबलावर होता आणि त्यातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दावरून आमचा वाद अपुरा राहिला होता. विद्यापीठात कृषिव्यवसाय शिकवणारा हा विद्वान माणूस आपले अर्ज माझ्याकडूनच लिहवून घेई, हे मी अभिमानाने नमूद करतो. माझे शिक्षण नववीत थांबले. परंतु भाईंदरच्या कचेरीबाहेर आयुष्य काढलेल्या अर्जनविसाला शब्दांची जी पारख येते, ती पदवीने येत नाही, हे सरांनाही मान्य होते. “लेखनिकमहाराज, तुमच्या मराठीला साहेब लोक टरकतात,” असे ते म्हणत, आणि मी ते नाकारीत नसे. ‘कायमस्वरूपी’ मात्र काढाच, असा माझा आग्रह होता. त्या शब्दाने अधिकारी बिचकतात आणि अर्ज पडून राहतो.

अर्जातली मागणी एकच होती, शेतावरचा हंगाम कायमस्वरूपी चालू राहावा. सरांचे विद्यार्थी दरवर्षी एक हंगाम जवळच्याच उत्तन गावी, भागूबाईंच्या शेतात काढीत. पेरणीपासून विक्रीपर्यंत सगळे स्वतः करीत. बाजारपेठ संगणकावरही शिकवता येते, असे म्हणून विभागप्रमुख हा हंगाम बंद करू पाहत होते. आणि विद्यार्थी आले नाहीत, तर ते शेत लग्नाच्या हॉलला पार्किंगसाठी द्यायचे, असे भागूबाईंच्या मुलाने ठरवून टाकले होते.

सर भाईंदरच्या इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहत. रविवारी विद्यार्थी भागूबाईंचा मुळा आणि पालेभाजी त्यांच्या सोसायटीच्या गेटवर आणीत. पहिल्याच रविवारी एका गिऱ्हाइकाने विचारले, “मावशी, कैसे दिया? जल्दी बोलो.” बाई सवयीने मुलांकडे पाहू लागल्या. तेव्हा सरांनी आपल्या सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत दुमडली. प्रश्न विचारण्यापूर्वी ते नेहमी तसेच करीत. डावीच, उजवी कधीही नाही. त्या हालचालीसरशी मुले गप्प झाली.

“भागूबाई, आजवर तुमच्या मुळ्याचा भाव कोण सांगायचं?”

“दलाल.”

“आणि आज?”

बाई गिऱ्हाइकाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मी सांगतंय!” आपल्या भागातील शेती टिकायची असेल, तर ती या तीन अक्षरांवर आणि एका क्रियापदावर टिकेल, असे सर नंतर कितीतरी वेळा म्हणाले. अक्षरे मोजण्यात ते कच्चे होते, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगत असे.

त्याच हंगामात पाखरांनी कोवळे पीक खुडायला सुरुवात केली. मुलांनी बांबूचे बुजगावणे उभारले. सरांनी अंगातला चौकड्यांचा सदरा काढून त्याला चढवला आणि बनियनवर उभे राहून म्हणाले, “मला विद्यार्थी भीत नाहीत, निदान पाखरं तरी भिऊ देत!” सगळे हसले. पाखरे मात्र त्या दिवसापासून खरोखरच फिरकली नाहीत.

सरांचा दहावा उत्तनच्या किनाऱ्यावर झाला. भागूबाईंचे शेत तिथून वर चढावर दिसते. जिथे सुकत घातलेल्या मासळीपायी कावळ्यांचा सदा गलका असतो, तिथे त्या सकाळी आवाज म्हणून नव्हता. कावळे होते. बोंबील वाळवण्याच्या बांबूंवर ओळीने बसले होते, पिंडाकडे पाठ करून, शेताकडे तोंड करून... वहिनींनी मुलीच्या लग्नाचे वचन दिले. भावाने गावच्या घराचे दिले. एकही कावळा हलेना. भटजी पुन्हा पुन्हा आकाशाकडे पाहू लागले.

“कावला येल कसा?” भागूबाई हळूच म्हणाल्या. “सर तिकडं उभं हायती.”

आम्ही सर्वांनी वर पाहिले. वारा पडलेला होता आणि चौकड्यांचा सदरा अगदी निश्चल उभा होता. बाई दहाव्याला आलेल्या विभागप्रमुखांकडे वळल्या. “साहेब, तुमचं बोलनं ऱ्हायलंय.” विभागप्रमुख घामाने डबडबले होते. अखेर हात जोडून ते पुटपुटले, “सर, यंदाची तुकडी शेतावर येईल.”

शब्द संपतो न संपतो, तोच एक कावळा उतरला. त्याने पिंडाला चोच लावली, दाणाही न उचलता उडाला आणि थेट जाऊन बुजगावण्याच्या खांद्यावर बसला. लोक सुटकेचा निःश्वास टाकून उठले. माझ्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता... ‘यंदाची’. पळवाट कुठे ठेवतात, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

बोलल्याप्रमाणे तुकडी आली, मुळा पेरला गेला. गेल्या आठवड्यात मी शेतावर गेलो. रोपे तरारली होती आणि त्यांच्या मध्यभागी तो सदरा उभा होता. उजवी बाही बांबूवरून सैल लोंबत होती. डावी कोपरापर्यंत नीट, घडीवर घडी घालून दुमडलेली होती.

“ही कोणी दुमडली?”

“पोरांना इचारलं. कोनीच न्हाय.”

“मग वाऱ्याने असेल.”

भागूबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की मला माझ्या नववीची आठवण झाली. “वारा उलगडतंय, भाऊ. दुमडत न्हाय.”

बाही सोडवण्यासाठी मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. सरांनी बाही दुमडली म्हणजे पुढे प्रश्न येणार, हे मला ठाऊक होते. आणि कोणता, हेही. पुढच्या वर्षी काय?

घरी येऊन मी मसुदा काढला. वहिनींच्या सहीने तो आता विद्यापीठाकडे गेला आहे. त्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द सरांनी ठेवला होता तिथेच आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. उत्तनला जाणाऱ्या प्रत्येकाकडे मी चौकशी करतो... बाही अजून दुमडलेलीच आहे.