क्लोरीनचा खोकला

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं पंपघरात काढली. अर्ध्या शहराचं पाणी ह्यांच्या हातून टाकीत चढायचं. पंपाच्या अंगाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "बेअरिंग अजून आठवडाभर टिकेल." आठव्या दिवशी ते जायचंच. घरातल्या माणसांचं मात्र काही ऐकतील तर शपथ! तिसऱ्या हाकेला मान वर व्हायची, तीही कपाळाला आठ्या घालून.

पाण्यात क्लोरीन सोडतात, त्याचे मोठे लोखंडी सिलिंडर बदलावे लागतात. कितीही जपलं तरी थोडा वायू सुटतोच. मग दोन दिवस सगळं पंपघर खोकत असतं आणि तिसऱ्या दिवशी खोकला आपोआप जातो. त्यामुळे ह्यांना खोकला लागला तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. "क्लोरीन बसलाय छातीत," हे म्हणाले. सोबतच्या लोकांनीही माना डोलावल्या. आठवडा झाला, महिना झाला, जिना चढताना मधेच टेकायला लागले, तरी आपलं तेच. मी म्हटलं, "अहो, पंधरा दिवसांत तुम्ही सिलिंडरच्या जवळपास गेला नाहीत." तर माझ्यावरच डाफरले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

एका सकाळी आंघोळ करून बाहेर आले ते दाराची चौकट धरूनच उभे राहिले. ओठ निळे पडलेले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोर. तिने घरातली सगळी औषधं आणायला लावली. मी पिशवी टेबलावर पालथी केली. तिने त्यातली एक पट्टी उचलली. "काकू, ही गोळी कधीपासून चालू आहे?"

चार वर्षांपासून. ह्यांच्या छातीचे ठोके वेडेवाकडे पडायचे, त्यावरची गोळी. ठोके सुतासारखे सरळ केले होते त्या गोळीने. पण एखाद्याच्या फुप्फुसांना ती बाधते आणि आतून सूज येते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अधूनमधून छातीचा फोटो काढून बघायचा असतो. आम्ही एकदाच काढला होता.

ती गोळी रोज सकाळी चहाबरोबर मीच द्यायचे, ह्यांच्या लक्षात राहत नाही म्हणून. चार वर्षांत एक दिवस चुकवली नाही. काय म्हणायचं आता ह्याला?

गोळी बंद केली, सूज उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली, पण तोवर फुप्फुसांनी हात टेकले होते. ह्यांना गुंगीचं औषध देऊन घशात नळी घातली आणि श्वास व्हेंटिलेटरच्या ताब्यात गेला. नळी उपटून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाला बांधली. मी बाहेरच्या बाकावर. मधे काच, काचेपलीकडे ह्यांची छाती वर-खाली होतेय. दिवसभर बसून पाठ मोडून जायची, पाय सुजायचे, घरी जाऊन पडलं तरी डोळ्याला डोळा लागायचा नाही. बाराव्या दिवशी माझे दीर चाचरत म्हणाले, "वहिनी, अजून किती दिवस असं..." मी त्यांना नुसतं फाडून खाल्लं. "तुमच्या भावाचा श्वास तुम्हाला जड झाला का?" बिचारे डबा ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन आले.

सतराव्या दिवशी नळी निघाली. मी डॉक्टरबाईंचे हातच धरले.

दोन दिवसांनी त्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. "काका, फुप्फुसं बरीच आखडलीत. साधी सर्दी झाली तरी पुन्हा हीच वेळ येऊ शकते. तशी आली, तर परत मशीनवर घ्यायचं का?"

ह्यांच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला. मनगटावरचे काळेनिळे वळ चोळत, दम खात बोलले, "नको. मधेमधे... जागा व्हायचो मी. हात बांधलेले. ओरडताही येईना." पुन्हा म्हणाले, "नको."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता मी आकांडतांडव करणार म्हणून डबा घेऊन आलेले दीर आधीच उठून दाराशी गेले. मलाही तसंच वाटलं होतं. पण तोंडातून निघालं, "ते म्हणतात तसं करा."

ह्यांनी माझा हात हातात घेतला. उभ्या जन्मात चारचौघांत कधी घेतला नव्हता. ह्यांना वाटलं, बायकोने आपलं मन जाणलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं. त्या बाकावर परत बसावं लागणार नाही, म्हणून.