कोपरा कापलेली रेकॉर्ड

ह्यांच्या पंचाहत्तरीला ह्यांनी माझी रेकॉर्ड ढापली. लपूनछपून नाही हं, चांगलं माइक हातात घेऊन, मराठी मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर. आणि मी पैठणी नेसून, गजरा माळून पहिल्या रांगेत बसले होते.

रेकॉर्ड म्हणजे सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दर्दभरी गाणी, गाणाऱ्या एका गायिकेचा जुना अल्बम. तिचं नाव सांगत नाही. आता ती इतकी गाजलीये, की नाव काढलं तरी लोक डोळे मिटून माना डोलवतात. मी आणली तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं.

आम्ही तेव्हा शिकागोत नवे होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड तपासायची. शेजारच्या मायक्रोस्कोपवर एक काळी बाई बसायची, वयानं माझ्याहून बरीच मोठी. काम करताना सतत गुणगुणायची. काय गातेस म्हणून विचारलं, तर जेवणाच्या सुट्टीत मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेली. न खपलेल्या रेकॉर्डच्या कव्हरचा कोपरा कातरून त्या दाराजवळच्या खोक्यात टाकून देत, स्वस्तात काढायला. त्या ढिगातून तिनं ही उपसली. म्हणाली, "हिला आमच्याकडेही कोणी घेत नाही. तू घे."

घेतली. आमच्या घरात सोफा ह्यांच्या पसंतीचा, गाडी ह्यांच्या पसंतीची, नंतर नेपरव्हिलचं घरसुद्धा ह्यांनीच आधी बघून ठरवलेलं. कोणालाही न विचारता, स्वतःच्या मनानं मी आणलेली ही एकच वस्तू.

शनिवारी सकाळी हे टेनिसला गेले की मी ती लावायची. गायिकेचा आवाज जरा भसाडाच. मागे चर्चमध्ये असतो तसला ऑर्गन. गाता गाता ती मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, आणि तो श्वासही ऐकू यायचा. निम्मे शब्द मला कळायचे नाहीत. पण नागपूरला माझी आई गेली आणि व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावून मी जमिनीवर बसून रडले. हे कामासाठी डेट्रॉइटला होते. त्या दिवशी माझ्याजवळ माणूस असं तेवढी ती गाणारी बाईच होती.

त्याच वर्षी दिवाळीला आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला. मी हळू आवाजात तेच गाणं लावलं. ह्यांचा एक मित्र म्हणाला, "वहिनी, कोणी गेलंय का?" सगळे खो खो हसले. कोणीतरी खरंच गेलं होतं, पण सणाच्या दिवशी ते काय बोलायचं! हे तरातरा आले. "काय रडगाणं लावलंयस सणासुदीला!" म्हणत ह्यांनी सुई फर्रकन ओढली. रेकॉर्डवर हा एवढा ओरखडा. तेव्हापासून त्या गाण्यात सुई अडकते आणि मी बोटानं अलगद पुढे सरकवते.

मग वर्षं गेली. कोणी कुठे काय लिहिलं देव जाणे, पण त्या अल्बमला एकदम भाव आला. नव्यानं निघाला, जाड कागदाच्या कव्हरात. बेलव्ह्यूहून आमच्या लेकीचा फोन आला, स्पीकरवर. ऑफिसात सगळे त्याच्यावर फिदा होते म्हणे. "बाबा, ती बेसमेंटमधली रेकॉर्ड, that's an original! कोणी घेतली होती?"

"मीच," हे म्हणाले. "कोण घेणार दुसरं!"

मी शेजारीच मेथी निवडत होते. वाटलं, गंमत करतायत. फोन ठेवल्यावर विचारलं, "अहो, तुम्ही कधी आणलीत?" तर म्हणे, "अगं, तू काय आणि मी काय, घरातच आली ना!" मी मेथीची पुढची जुडी सोडली.

पंचाहत्तरीला लेक ती रेकॉर्ड आणि प्लेअर हॉलवर घेऊन आली. भाषणात ह्यांनी सुरुवातीच्या हलाखीचे दिवस सांगितले, आणि मग रेकॉर्ड उंच धरली. "सासूबाई गेल्या तेव्हा हिला जवळ बसवून मी हे गाणं ऐकवलं," म्हणाले. बायका डोळे पुसायला लागल्या. रेकॉर्ड नेलीत, न्या. माझं आईसाठीचं रडणंसुद्धा नेलंत?

लेकीनं गाणं लावलं. नेमक्या जागी सुई अडकली. "बाबांनी इतकी ऐकलीये ना, it's worn out," ती कौतुकानं म्हणाली, आणि सगळ्यांनी "ऑऽऽ" केलं. मी सवयीनं उठले, सुईकडे बोट नेलं, तर म्हणते कशी, "आई, हात नको लावू! बाबांची आहे ती."

तेवढ्यात मागून गलका सुरू झाला. "काकू, उखाणा! उखाणा घ्या!" असल्या समारंभात बायकोच्या वाट्याला माइक येतो तो एवढ्यासाठीच. मी तो घेतला.

"उखाणा राहू दे," मी म्हटलं. "ही रेकॉर्ड मी आणली. माझी आई गेली तेव्हा मी ती एकटीनं ऐकली. आणि तो ओरखडा ह्यांच्या हातचा आहे."

मग कोणीतरी ओरडलं, "वा काकू! काका, सापडलात!" आणि हॉलभर हशा, टाळ्या. त्यांना तो उखाण्यातलाच खट्याळपणा वाटला. मेल्यांनो, हसताय काय!

हे मात्र हसत नव्हते. माझ्याकडे वाकून, मला एकटीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुठला ओरखडा गं?"

मी ह्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. खोटं बोलत नव्हते. ती दिवाळी, तो मित्र, ती ओढलेली सुई, काही म्हणजे काही ह्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर भांडले तरी असते मी.

मी सुई उचलली, रेकॉर्ड कातरलेल्या कव्हरात घातली आणि बाहेर पार्किंगमध्ये आले. पैठणीचा काठ बर्फात भिजला. गाडीत बसले, हीटर लावला, रेकॉर्ड मांडीवर घेतली.

थोड्या वेळानं लेकीनं काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली. "आई, काय करतेस इथे? औक्षणाचं तबक तयार आहे. पहिलं तू ओवाळायचंस. बाबा पाटावर थांबलेत."

"थांबू देत," मी म्हटलं, आणि काच वर केली.