गुरुवारचा बर्गर

माझ्या वहीत सात दिवसांच्या खाण्याच्या नोंदी होत्या आणि त्यातली एकच खरी होती. मॅडमनी लाल पेनाने गोल केला तो नेमका तिच्याभोवती.

हे आठवलं की अजून माझे कान तापतात. तेव्हा नक्की कोणाचा राग आला होता, ते मला सांगता आलं नसतं. आता थोडं सांगता येईल असं वाटतं. थोडंच.

मी दादरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथे काय खरं सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. आहार आणि आरोग्य हा विषय शिकवणाऱ्या मॅडमनी एक प्रकल्प दिला. सात दिवस आपण काय खातो ते रोज लिहायचं आणि शेवटी पालकांची सही घ्यायची. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत वही उघडून बसले. सकाळी चहा आणि दोन बटर. दुपारी काही नाही, कारण प्रॅक्टिकल होतं. नंतर वेफर्सचं छोटं पाकीट. रात्री भात आणि पातळ आमटी. एवढं लिहून झालं, मी ते वाचलं आणि पान फाडून टाकलं. मग पाठ्यपुस्तकातला आदर्श आहाराचा तक्ता समोर घेतला आणि लिहिलं, सकाळी दूध, उपमा आणि एक सफरचंद. दुपारी पोळी, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. रोज थोडं थोडं बदलत गेले. एका दिवशी सफरचंदाच्या जागी पेरू घातला, खरं वाटावं म्हणून.

गुरुवारी मात्र खोटं लिहावंसं वाटलं नाही.

आई दादरला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. घरी आम्ही दोघीच. बाबा मी नववीत असताना गेले. आई सकाळी साडेपाचला निघते आणि दिवसभर तव्यासमोर उभी असते. लोक त्या पोळ्या डब्यात भरून नेतात आणि घरच्या म्हणून खातात. आमच्या घरी ती येते तेव्हा तिचा उजवा खांदा वर होत नाही. ती डाव्या हाताने कुकर लावते.

त्या गुरुवारी केंद्रातला गॅस दुपारीच संपला आणि दुसरा सिलिंडर आला नाही. तिला तीन वाजताच सोडलं. ती थेट माझ्या कॉलेजच्या गेटवर आली. तोपर्यंत ती तिथे कधीच आली नव्हती.

"सुटलंस?" आई माझ्याशी मालवणीतच बोलते. "चल, आज खंयतरी बसान खावया."

"कुठे?"

तिने रस्त्यापलीकडच्या बर्गरच्या दुकानाकडे बोट केलं. "थंय. काचेत."

रोज ती त्या काचेसमोरून जात होती, हे मला तेव्हा कळलं.

आत गेल्यावर तिने आधी विचारलं, "आज गुरुवार. अंड्याचा नाय ना गो?"

"व्हेज आहे, आई."

"आणि ह्या पांढरा काय?"

"मेयोनीज. बिनअंड्याचं."

"नाव मोठा, चव खंय? ह्येच्यापरास माझी लसणीची चटणी बरी." असं म्हणत तिने पूर्ण बर्गर खाल्ला. चपला काढून गार लादीवर पाय ठेवले आणि तासभर तशीच बसून राहिली. उठायच्या आधी म्हणाली, "बरो लागलो. माझ्या हातचो नाय ना, म्हणान." मग टिश्यूने टेबल पुसायला लागली.

"राहू दे, ते लोक पुसतात."

"मगे त्यांचा एक काम कमी."

हा तो गुरुवार. वहीत मी एकाच ओळीत लिहिला, व्हेज बर्गर, आईबरोबर.

वही इंग्रजीत होती, म्हणून सही करायच्या आधी आईने ती मराठीत वाचून दाखवायला सांगितली. ती कांदा चिरत होती. मी सोमवार वाचला. सफरचंदाशी विळी थांबली.

"ह्या कोणाच्या घरातला गो?" ती हसली.

मी वाचत राहिले. बुधवारच्या कोशिंबिरीपर्यंत तिचं हसू गेलं होतं. "चेडवा," ती म्हणाली, "तुका ह्या सगळा खावचा वाटता?"

"तसं नाही, आई. असं लिहायचं असतं."

"असात. हाड पेन." तिने हात पुसले, मी आणलेलं पेन घेतलं आणि सही केली.

आठवड्याने मॅडमनी वर्गात माझी वही वर धरली. "बघा, किती छान आहार आहे. दूध, फळं, ताक. आणि मग गुरुवारी हे! घरचं एवढं चांगलं मिळत असताना हे विष कशाला?" वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "मेली रे ही एका बर्गरने." वर्गातल्या कितीतरी मुलींचे मोबाईल दुपारी जेवण मागवायला वाजत असतात. त्याही हसल्या. मी खाली बघत उभी राहिले. सहा दिवसांच्या थापांचं कौतुक झालं होतं आणि माझ्या आईच्या एका तासाला विष म्हटलं होतं.

पानाखाली इंग्रजीत शेरा होता.

"काय म्हणाली बाई?" आईने घरी विचारलं.

तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. नेमकं तेव्हाच मी खरं वाचून दाखवलं: पालकांनी मुलीला घरचं जेवण मिळेल याची काळजी घ्यावी.

आईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरोबर असा तिचा. मीच नेलंय तुका थंय. परत नको जावया."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे चारला उठून माझ्यासाठी पोळी-भाजी करायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या पोळ्या लाटण्याआधी माझ्या. नको म्हटलं तर ऐकत नव्हती. तिसऱ्या दिवशी जळका वास आला म्हणून मी उठले. तव्यावर पोळी काळी पडत होती आणि आई ओट्याला टेकून, डोळे मिटून, उभ्या उभ्या झोपली होती. मी गॅस बंद केला. मला राग आला. मॅडमचा आला, हसणाऱ्यांचा आला. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला, कारण ते सफरचंद मी लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी दुसरी वही केली. आठवून आठवून खरं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं.

"ह्या दाखवतलंस?" आई भडकली. "लोका म्हणतली, आवशीन पोराक उपाशी ठेवल्यान!"

"त्यांनी तुझ्या गुरुवारला नावं ठेवली, आई. आता बाकीचे सहा दिवस पण बघू देत त्यांना."

ती भांडी आपटत राहिली. मला वाटलं, आता सही मिळत नाही. मग पाठमोरीच म्हणाली, "बुधवारी नुसती आमटी नव्हती. सुकट होती. ता लिव."

"लिहिते."

"आणि रविवारचे बांगडे? दोन खाल्लंस."

"एक."

"आणि माझ्यातलो अर्धो? तो मांजरान खाल्ल्यान?"

मी दीड लिहिलं. तिने सही केली.

स्टाफरूममध्ये जाताना बोलायचं सगळं पाठ केलं होतं, दारातच विसरले. एवढंच विचारलं, "मॅडम, कधीतरी, म्हणजे महिन्यातून एकदा असं बाहेरचं खाल्लं, तर खरंच अपाय होतो का?"

"महिन्यातून एकदा? तब्येत धडधाकट असेल तर काही होत नाही गं. रोज काय खातो त्यावर सगळं असतं."

"मग हे माझं रोजचं."

त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं. "म्हणजे आधीचं खोटं होतं?"

"हो."

"मग मार्क कापावे लागतील."

"कापा." हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मला कळलं नाही.

त्यांचा आवाज जरा उतरला. "दुपारी उपाशी राहू नये. केळं, शेंगदाणे, काहीतरी खात जा."

"प्रॅक्टिकल बारा ते तीन असतं, मॅडम. मध्ये सुट्टी नसते."

त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. "ते माझ्या हातात नाही," म्हणाल्या. चुकीचं काहीच बोलल्या नाहीत त्या. तरी माझा राग गेला नाही. माझ्या आईच्या हातात काय काय आहे, हे शेरा लिहिताना त्यांना अगदी पक्कं माहीत होतं.

मी पहिली वही पुढे केली. "हा शेरा खोडाल का? आईला दाखवायचाय."

त्यांनी लाल पेन उघडलं. मग शेरा खोडला, गोलावर काट मारली आणि बाजूला सही केली. नव्या वहीतल्या गुरुवारला त्यांनी पेन लावलं नाही.

घरी आईने तो खोडलेला शेरा दिव्याखाली धरून पाहिला. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण काट कळली.

"उद्यापासून चारला उठायचं नाही," मी म्हटलं. "दुपारी मी केळं नेईन. प्रॅक्टिकलच्या आधी खाईन."

"बघूया."

"बघूया नाही. आणि परत जाऊ आपण तिथे. एखाद्या गुरुवारी."

आईने वही मिटून माझ्या हातात दिली आणि डाव्या हाताने उजवा खांदा चेपत म्हणाली, "जावया. केंद्रातलो गॅस संपाक व्हयो ना पण आधी."