गँगमन सहादेव रिटायर झाला

काष्टीजवळच्या रेल्वे गँगमध्ये सहादेवनं चौतीस वर्षं काढली. उन्हातान्हात रुळांखाली खडी ठोकायची, सांजेला घरी येऊन पाठ शेकून घ्यायची. शेकणाऱ्या बायकोला, रंगुबाईला, तो नेहमी एकच सांगायचा, "रिटायर झालो की विहीर पाडू. लिंबं लावू. मग ह्या हातात पुन्ना हत्यार धरनार न्हाई."

बाहत्तरच्या मार्चात गँगवाल्यांनी हार घालून त्याला निरोप दिला. फंडाचा सगळा पैसा त्यानं विहिरीत घातला. पाणी लागलं, पण घागर बुडण्यापुरतं. त्यावरच त्यानं साठ रोपं लावली. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत रोपांच्या काटक्या झाल्या, विहिरीत नुसता खडक उरला.

रंगुबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सहादेव ओट्यावर बसून राहिला. "जलमभर खडीच केली. आता न्हाई," म्हणायचा. आठव्या दिवशी त्यानं तिच्या तळहाताचे फोड पाहिले आणि उठून कामावर गेला.

"बाबा, तुमच्यानं होनार न्हाई," कारकून म्हणाला.

सहादेवनं बायकोचा हातोडा घेतला आणि दुपारपर्यंत एवढा ढीग घातला की कारकुनानं गुपचूप त्याचं नाव लिहून घेतलं.

संक्रांतीनंतर खडीची एक कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली. डोळा गेला. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं, आता घरीच बसा.

रंगुबाई तांबडं फुटायच्या आत निघायची. चुलीपुढं कधी न बसलेला सहादेव रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकरी थापू लागला. त्या पिठाला चिकटपणाच नव्हता. भाकर तव्यात टाकतानाच फाटायची.

"असलं रिटायर हुनं मागितलं न्हवतं मी," एकदा जेवताना तो म्हणाला.

रंगुबाईनं तुकडा मोडला. "तुमी झाला तरी. मी कवा व्हायची?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाकरी फडक्यात बांधून तो दोन मैल चालत कामावर गेला. एका डोळ्यानं खड्ड्याचा अंदाज येईना, वाटेत दोनदा पडला. रंगुबाईनं उभ्याउभ्याच चार घास खाल्ले, पाणी प्याली आणि पुन्हा ढिगाशी बसली. सहादेव तिथंच घुटमळला.

"बाबा, कामाच्या जागी उभं राहू नका," कारकून ओरडला.

रिकामं फडकं खांद्यावर टाकून तो घराकडे वळला. रंगुबाईनं मान वर केली नाही.