आपला समुद्र

"निघालं बघा समुद्राला."

आमच्या कळंबच्या आडत बाजारात कुणी गुटख्याची पुडी नाल्यात भिरकावली, की मागून हा आवाज यायचा. त्यात राग नसायचा. स्टँडवरून गाडी सुटताना कुणी सहज म्हणावं, तसं ते वाक्य. माणूस वळून बघायचा तर एक किरकोळ अंगाची मुलगी, खांद्याला शाळेचं दप्तर, आणि उजवा हात लांब करून बोट नदीकडे. पुडी टाकणारा बिचारा त्या बोटाच्या दिशेने बघत राहायचा. तिकडे नाला, नाल्यापुढे बाभळी आणि बाभळींपलीकडे मांजरा. समुद्र काही दिसायचा नाही.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, की ज्याच्यामुळे हातातला कागद टाकण्याआधी आपण इकडेतिकडे बघून घेतो. आमच्याकडे ते माणूस नववीत शिकत होतं.

तिचं नाव मी लिहीत नाही. बाजारात तिला सगळे 'समुद्रवाली' म्हणायचे, आधी चेष्टेने आणि नंतर सवयीने. तिला ते आवडायचं, असा माझा दाट संशय आहे.

माझं बारदान्याचं दुकान आहे. म्हणजे रिकामी पोती घ्यायची, झाडायची, फाटली असतील तर शिवायची आणि पुन्हा विकायची. बाजारात येणारं सोयाबीन असो की हरभरा, आधी माझ्या पोत्यात बसतं. दुकानाच्या मागूनच नाला जातो. ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती कांद्याच्या जाळीदार गोण्या मागायला.

"काका, फाटक्या हायेत का? फाटक्या असल्या तरी चालतंय."

"काय करायलीस त्याचं?"

"नाल्याला आडवं जाळं लावायचंय. समद्या पिशव्या समुद्रात जायल्यात."

मला हसू आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने येतं. त्यात ही समुद्राची काळजी करणार. मी म्हटलं, "आगं बाई, मधी धरण हाय की. तिथंच आडकंल."

"धरण भरलं की दारं उघडत्यात."

"भरलं तर."

"भरंल की, काका. तुमी असं कसं बोलायलाव?"

मग तिने तिथेच उभ्या उभ्या मला अख्खी नदी सांगितली. नाल्यातून मांजरेत, मांजरेतून धरणात, पुढे लातूर, बीदर, तेलंगण, तिथे गोदावरी, आणि गोदावरीतून आंध्रात समुद्राला. तिचं घराणं मूळचं मेंढपाळांचं, आजोबा अजून मेंढरांमागे फिरत होते, पण वडील एसटीत कंडक्टर. त्यामुळे असेल, ती नदीची गावं थांबे पुकारावेत तशी पुकारत होती. मी गोण्या दिल्या. वर, जाळंही मीच शिवून देतो म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

आता, मी जन्मभर पोती शिवलेला माणूस. दाणा गळता कामा नये, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. मी ते जाळं दुहेरी घेतलं, टाके जवळजवळ घातले, तळाला पक्की शिवण मारली आणि ताणून बांधायला लावलं. पहिला मोठा पाऊस झाला. पुढे पाचोळा साचला, पाण्याला वाट उरली नाही, आणि माझं ते मजबूत काम दोन्ही काठांच्या खुंट्या उपटून, साचलेल्या पिशव्या पोटात घेऊन, मांजरेकडे निघून गेलं.

ती काठावर बसून होती. तिच्याबरोबरच्या शाळेतल्या पोरी माझ्याकडे खाऊ की गिळू बघत होत्या. ती मात्र हळूच म्हणाली, "आपलंच जाळं निघालं समुद्राला."

तिला प्लास्टिक नको होतं, आणि आम्ही तिला प्लास्टिकचंच जाळं करून दिलं होतं. दुसऱ्या वेळी तिने तागाची सुतळी मागितली. गाठी पोरींनी मारल्या, कडा मी शिवल्या. "ताणू नका काका," ती शेजारी बसून सांगायची, "रानात बाळाला झोळी बांधत्यात तसा झोळ ऱ्हाऊ द्या." ते जाळं टिकलं. फक्त ताग पाण्यात कुजतो, त्यामुळे दरवर्षी पावसाच्या आधी नवं करावं लागायचं. मे महिना सरत आला की ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "काका, जाळ्याचं बघायचं का?" माझ्या धंद्यात एवढं आवडीचं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही, आणि त्या गिऱ्हाइकाला मी कधी काही विकलंही नाही.

पोतं घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांना ती माझ्या दुकानात गाठायची. एकदा ढोकीकडचे एक पागोटेवाले तिच्यावर चांगलेच उखडले. "आमच्या रानात प्यायला पाणी न्हाई, अन तू समुद्राचं काय सांगायलीस?"

"मामा, पाऊस कुठनं येतो?"

"वरून."

"वर कुठनं येतो?"

मामा माझ्याकडे बघू लागले. मी पोतं झाडू लागलो. मग ती त्यांच्यापाशी बसली आणि समुद्र तापला की ढगांचं वेळापत्रक कसं बिघडतं, पाऊस पेरणीला का येत नाही आणि काढणीला आलेल्या सोयाबीनवर का कोसळतो, हे सांगत राहिली. मामांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "पोरगी लई बोलती, पण खोटं न्हाई बोलत." त्यांनी हातातली तंबाखूची पुडी खिशात ठेवली, हे मी पाहिलं.

तिची फजिती व्हायची तीही आमच्या मुलखाला शोभेल अशी. आमच्याकडे वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, मोठी. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, पूजा करायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. अलीकडे या जेवणाला थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले आले होते, आणि जेवणं झाली की ते वाऱ्याने नदीत. हिने ठरवलं की आपली टोळी घेऊन नदीकाठच्या रानारानांतून ते गोळा करायचं. बेत उत्तम होता. फक्त एक गोष्ट ती विसरली. येळवशीला रानात पाऊल टाकलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही.

पहिल्या रानात जेवल्या. दुसऱ्या रानात "आमच्यात आंबील बी घेणार न्हाई व्हय?" म्हणून पुन्हा बसवल्या. पुढच्या रानात एका म्हातारीने शपथच घातली. दुपारी मी माझ्या भावाच्या रानात होतो, तर समुद्र वाचवायला निघालेली ती सगळी टोळी बांधावर आडवी झालेली. ती डोळे मिटून म्हणाली, "काका, आता उंडा दाखवू बी नका." कचऱ्यासाठी आणलेलं पोतं रिकामंच होतं. पण पुढच्या वर्षी ती येळवशीच्या आधीच घरोघर जाऊन आली आणि म्हणाली, "आम्ही समद्यांकडं जेवायला येणार हाव, पण पत्रावळीवर." जेवायला येतो म्हटल्यावर आमच्याकडे नाही म्हणायची कुणाची टाप नाही. त्या वर्षी बऱ्याच रानांत पितळेचे तांबे आणि पळसाच्या पत्रावळी परत दिसल्या.

आणि या मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता.

ज्याने पाहिला आहे, त्याला ती गाठायची आणि एकच प्रश्न विचारायची, "त्याचा आवाज थांबतो का?" लोक लाटांचं सांगायचे, भेळेचं सांगायचे, उंटावर बसल्याचं सांगायचे. मीही तरुणपणी एकदा कोकणात जाऊन आलो होतो. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लई मोठा आस्तो."

"ते न्हाई, काका. आवाज थांबतो का?"

मला आठवेना. समुद्राकाठी जाऊन मी तो ऐकलाच नव्हता.

ती बारावीत असताना धरण भरलं. दारं उघडणार म्हटल्यावर गाव लोटलं. आमच्या भागात यापेक्षा मोठा सण नाही. बायका पाण्याची ओटी भरत होत्या, पोरं फोटो काढत होती. ती कठड्याला धरून उभी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं आनंदाचं. जवळ गेलो तर पाण्याबरोबर धरणात साठलेल्या बाटल्या आणि पिशव्या खाली उतरत होत्या.

"कळंबचा समदा कचरा समुद्र बघून येतो, काका," ती म्हणाली. "मीच ऱ्हायले."

हे तिच्या वडिलांच्या कानावर गेलं असावं. त्या भल्या माणसाने रजा टाकली आणि लेकीला गणपतीपुळ्याला नेतो म्हणाला. ती नको म्हणाली. ते रागारागाने माझ्या दुकानात आले.

"म्हणती, तो आपला समुद्र न्हाई. आपलं पाणी तिकडं जात न्हाई म्हणं. समुद्रात बी आपला अन परका आस्तो का ओ?"

मला हसू दाबावं लागलं. पण त्यांना खरी चिंता वेगळीच होती. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या काठावर तरुण मुलामुलींचा एक गट कासवांची घरटी राखायचा आणि किनारा साफ करायचा. टोळीतल्या पोरींनी काढलेली हिच्या जाळ्याची फिल्म त्यांनी फोनवर पाहिली होती. वर्षभर आमच्यात येऊन राहा, शिक आणि शिकव, असं त्यांचं बोलावणं आलं होतं.

"भाषा येत न्हाई, वळखीचं माणूस न्हाई," ते म्हणाले. "कोकण आस्तं तर म्या सोताच्या गाडीत बसवून धाडलं आस्तं."

मी म्हटलं, "कंडक्टरसाहेब, थांबे पाठ करायला पोरगी तुमच्याकडनंच शिकली. आता शेवटच्या थांब्याला उतरू द्या."

दोन-चार दिवसांनी ते पुन्हा आले आणि, अंथरूण-पांघरूण बसेल असं एक दणकट पोतं द्या, म्हणाले. मी दुकानातलं सगळ्यात नवं काढून दिलं. ते पोतं निवडताना मला आनंद झाला होता, आणि ते त्यांच्या हाती देताना अजिबात झाला नाही.

बारावीची परीक्षा झाल्यावर ती निघाली. लातूरच्या गाडीला वडीलच ड्यूटीवर होते. टोळीतल्या पोरी, मी, काठी टेकत आलेले आजोबा, असे आम्ही स्टँडवर. गाडी हलली तसं मी खिडकीत बघून म्हटलं, "निघाली बघा समुद्राला." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. वडिलांनी घंटी मारली ती नेहमीपेक्षा जरा जोरात मारली.

पहिला फोन आला तेव्हा ती एवढं बोलली की मला तोंड उघडता आलं नाही. कासवं, तेलुगू, माशाचं कालवण, शेजारची आजी. मग फोन कमी झाले. वर्षाची दोन वर्षं झाली, मग तीन. पोरगी तिथल्या पोरांना घेऊन कारखान्यांच्या आणि सरकारच्या लोकांपुढे उभी राहून बोलते, असं वडील सांगतात, आणि सांगताना कंडक्टरची पिशवी उगाच नीट करतात. दरवर्षी येळवशीला येते म्हणते. दरवर्षी कासवं नेमकी त्याच दिवसांत काठावर येतात. कासवांचा मला राग आहे, हे इथे लिहून ठेवतो.

मे सरत आला की मी दुकानाच्या पायरीकडे बघतो. आता टोळीतल्या धाकट्या पोरी येतात, गाठी मारतात, मी कडा शिवतो आणि झोळ ठेवतो. पण "जाळ्याचं बघायचं का?" असं कुणी विचारत नाही. तो प्रश्न मीच मनात विचारून घेतो आणि सुई ओवतो. मला तिची फार आठवण येते.

यंदा धरण पुन्हा भरलं. दारं उघडली त्या दिवशी मी आपण होऊन फोन लावला.

"पोरी, दारं उघडली बघ."

"जाळं?"

"टिकलं. ह्या वेळेला तुला नुसतं पाणी धाडलंय."

हे अगदी खरं नव्हतं. एक निळी चप्पल आणि काही बाटल्या जाताना मी पाहिल्या होत्या. मग मी इतकी वर्षं राहून गेलेलं विचारलं, "काय गं, आवाज थांबतो का त्याचा?"

"ऐका," ती म्हणाली, आणि तिने फोन तिकडे धरला.

मी ऐकत राहिलो. दुकानात एक गिऱ्हाईक पोती मागत उभं होतं. त्याला मी हातानेच जरा थांब म्हटलं.