माळ्यावरची बरोलो

मंदीत ज्या साहेबाने मला नोकरीवरून काढलं, त्याचा मला आजही राग येतो. आखातात असला तरी आपला पुण्याचाच माणूस. जुमेरा लेक टॉवर्समधल्या घरी शुक्रवारी दुपारी आम्हाला बोलवायचा आणि इटलीच्या रेड वाइनवर शिकवणी घ्यायचा. टस्कनीची कियान्ती आंबटसर, जेवणाबरोबर प्यायची. सिसिलीची नेरो दाव्होला गडद, रांगडी. ती मुद्दाम माझ्या ग्लासात. "तुमच्याकडच्या मटणाच्या रश्श्याला हीच बरी, डोन्ट माइंड." लाडकी मात्र पिडमाँटची बरोलो. रंगाने फिकट, पण जीभ आवळून धरणारी, वर्षानुवर्षं मुरल्याशिवाय न नमणारी. घोटाघोटाला विचारायचा, "बोल, काय लागतंय?" मला डोंबल कळायचं. "चेरी, सर," मी म्हणायचो. नोकरी टिकवायची होती. बाकीचे फिदीफिदी हसायचे.

तरी कपातीच्या यादीत माझं नाव आलंच. निरोपाला त्याने बरोलोची बाटली हातात कोंबली. "दहा वर्षं ठेव. पेशन्स शिकशील. तुझं इथलं खलास."

मला शारजात दुसरी नोकरी मिळाली. अल कुसैसच्या आमच्या घरात बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेली. दर उन्हाळ्यात आम्ही मेन स्विच बंद करून दोन महिने गावी जायचो. बंद घरात बाटली शिजत राहायची. चार उन्हाळ्यांनी बूच वर आलं, बाहेरून चिकट ओघळ सुटला.

त्याच सुमारास साहेबाची कंपनी बुडाली. नोकरी मिळाली नाही तर देश सोडायला त्याच्या व्हिसाचे थोडेच दिवस उरले होते. आमच्या ऑफिसात एक जागा होती आणि शिफारस माझ्या हातात. तो घरी आला. मला 'तुम्ही' म्हणाला. मी मुद्दाम तीच बाटली काढली. रंग विटकरी, वास व्हिनेगरचा. त्याने भडकावं, मला अडाणी म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती.

"काय लागतंय, सर?"

त्याने घोट गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"चेरी," तो म्हणाला. "मस्त मुरवलीत तुम्ही."

ग्लास त्याने संपवला. मी पुन्हा भरला, तोही संपवला.

शिफारस मी केली नाही. असला खोटारडा माणूस ऑफिसात नको, असं बायकोला ठणकावून सांगितलं. ती ग्लास विसळत होती.

"आणि तुम्ही त्याच्याकडे दर शुक्रवारी काय म्हणत होता?" तिने विचारलं.